घडीबाईंची तोंडी परीक्षा

सरकारी रुग्णालयाच्या तळघरात धुलाई विभाग आहे. तिथं एकवीस वर्षं काम करणाऱ्या एका बाईंना सगळे घडीबाई म्हणतात. त्यांनी घातलेल्या चादरींच्या घड्या एकावर एक रचल्या, की थप्पीची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. मोठ्या डॉक्टरांना हे माहीत नाही. वॉर्डातल्या परिचारिका मात्र कपाट उघडताच सांगतात, "आज बाई कामावर आल्यात."

गेली दोन वर्षं घडीबाई मुकादमाचं काम करत होत्या, पण मुकादम नव्हत्या. जुने मुकादम निवृत्त झाले, तेव्हा वरून एक कागद आला, त्यावर ‘तात्पुरता कार्यभार’ असं होतं. मुकादम म्हणून कायम व्हायचं तर शाळेचा दाखला हवा. घडीबाईंनी शाळा सोडली चौदाव्या वर्षी, आणि आता त्या त्रेपन्नच्या. तरी प्रौढांच्या वर्गात नाव घालून त्यांनी गणित काढलं, विज्ञान काढलं, इतिहासात तर चक्क पासष्ट गुण मिळवले. राहिली होती ती तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला परीक्षकांनी सांगितलं होतं, ‘पाण्याचं महत्त्व’ यावर तीन मिनिटं बोला. रोज सकाळपासून कोपरापर्यंत पाण्यात असणारी ही बाई तीन मिनिटं भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभी राहिली. शून्य गुण.

या वेळची तोंडी शुक्रवारी सकाळी होती, आणि मुकादमपदाच्या अर्जाची मुदत त्याच शुक्रवारी दुपारी चारला संपत होती. नापास झाल्या, तर चादर आणि पलंगपोस यांतला फरक चिठ्ठी वाचून ओळखणारा कुणीतरी पदवीधर वरून येणार, आणि घडीबाई पुन्हा इस्त्रीच्या रोलरच्या वाफेत उभ्या राहणार. त्यांचे गुडघे आता वाफेला नको म्हणत होते.

वर्गाचे मास्तर हुशार होते. त्यांनी दोन वर्षांत एक गोष्ट हेरली होती. घडीबाई वर्गात कधी तोंड उघडत नाहीत, पण शेवटच्या बाकावरची फुलवाली काही बोलली, की त्या मान न वळवता तिला खोडून काढतात.

"या वेळी नुसतं भाषण नको," मास्तर म्हणाले. "जोडीनं वादविवाद. आणि तुमची जोडी मी लावून टाकली आहे."

ती फुलवाली म्हणजे घडीबाईंची सख्खी विहीण. घडीबाईंची लेक त्यांच्या घरात दिलेली. चौकात विहीणबाईंचं फुलांचं दुकान होतं, चांगलं चालत होतं, आणि शाळेच्या दाखल्याचं त्यांना काडीचं काम नव्हतं. पण घडीबाई शाळेत जातात हे चिमुरड्या नातीच्या तोंडून कळल्यावर चौथ्या दिवशी विहीणबाईही वही घेऊन वर्गात हजर झाल्या. उद्या नातीनं विचारलं, कोणती आजी जास्त शिकलेली, तर काय सांगायचं?

वादविवादाला मास्तरांनी विषयही असा दिला, की वर्ग सावरून बसला. ‘महासंघातून बाहेर पडण्याचा देशाचा निर्णय योग्य होता.’

त्या निर्णयाला तीन वर्षं झाली होती. शेजारच्या देशांचा मिळून एक महासंघ होता. त्यात माल, माणसं आणि नोकऱ्या सीमेवर न थांबता इकडून तिकडे जात. राहायचं की निघायचं, यावर देशभर मतदान झालं आणि थोडक्या मतांनी देश बाहेर पडला. घडीबाईंनी निघण्याच्या बाजूनं मत दिलं होतं, विहीणबाईंनी राहण्याच्या. घडीबाईंच्या नवऱ्यानं कोणत्या बाजूनं मत दिलं ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. तो संसारात सुखी आहे.

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला दोन्ही आज्यांची यावरून अशी जुंपली, की केकवरची मेणबत्ती वितळून क्रीममध्ये बसली. विहीणबाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी लेकीनं दोघींना फोन करून एकच वाक्य सांगितलं, "माझ्या घरात तो विषय पुन्हा निघाला, तर नात भेटणार नाही." तेव्हापासून दोघी भेटल्या, की हवापाण्याबद्दल आणि नातीच्या मोज्यांबद्दल बोलत.

बाजू ठरवायला मास्तरांनी आपल्या स्कूटरच्या हेल्मेटमध्ये दोन चिठ्ठ्या टाकल्या. घडीबाईंनी एक उचलली, वाचली आणि पुन्हा हेल्मेटात टाकली.

"सर, दुसरी द्या."

"का? फाटली आहे का?"

"चुकीची आहे. यात लिहिलंय, निर्णय अयोग्य."

"मग तेच बोलायचं."

"अहो, मी स्वतः रांगेत उभं राहून मत दिलंय बाहेर पडायला. पावती असती तर दाखवली असती."

तोवर विहीणबाईंनी आपली चिठ्ठी उघडली होती. जेवताना घासात केस लागावा तसा चेहरा करून त्या म्हणाल्या, "मी म्हणू हा निर्णय योग्य होता? मेले तरी म्हणणार नाही."

"मरायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "तीन मिनिटं बोललात तरी पुरे."

तयारीला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घडीबाई घड्यांच्या टेबलाशी बसल्या आणि धुलाईच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, ‘बाहेर पडणं चुकलं, कारण’. पुढं पेन हलेना. तीन वर्षं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या, की त्या बाजूच्या लोकांकडे एक धड मुद्दा नाही. आता तो मुद्दा आणायचा कुठून?

मग कानात विहीणबाईंचा आवाज वाजायला लागला. वाढदिवसाचा. ‘हे बघा, मी शिकलेली नाही, पण मला एवढं कळतं...’ घडीबाई लिहायला लागल्या. सीमेवर अडलेला ट्रक. कुजलेल्या लिली. ज्या लग्नाला गुच्छ पोचले नाहीत ते लग्न. अर्ध्या तासात पाच चिठ्ठ्या भरल्या. त्या दिवशी आपण एक अक्षर ऐकून घेतलं नाही, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. सगळं पाठ होतं, विहीणबाई श्वास कुठं घेतात तेसुद्धा.

बॉयलर सांभाळणारे काका डबा घेऊन आले आणि त्यांनी खांद्यावरून वाचलं.

"हे काय? फिरलीस तू?"

"परीक्षा आहे काका. बाजू चिठ्ठीत आली."

"सगळे फितूर असंच म्हणतात," काका म्हणाले आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तळघरभर झालं, की घडीबाई उलटल्या. दुसऱ्या दिवशी चहाची किटली त्यांच्यापर्यंत आली तेव्हा रिकामी होती.

घरी त्यांनी नवऱ्याला समोर बसवून तीन मिनिटं म्हणून दाखवलं.

"कसं झालं?"

"विहीणबाई राहायला आल्यासारखं वाटलं," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेला.

शुक्रवारी सकाळी दहाला शाळेच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. बाकं लहान मुलांची, त्यामुळं गुडघे छातीशी आलेले. विहीणबाईंनी केस रंगवले होते. परीक्षक बाई मुख्य कार्यालयातून आलेल्या, काटकुळ्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी नियम वाचले. पहिलीनं तीन मिनिटं बोलायचं, दुसरीनं तीन मिनिटं. मग दुसरीनं पहिलीला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तरावर एक मिनिट बोलायचं. शेवटचं एक मिनिट पहिलीचं.

"आणि दिलेली बाजू सोडली, तर परीक्षा तिथंच संपली," त्या म्हणाल्या. "मागाहून रडारड चालत नाही."

पहिल्या विहीणबाई. त्या उठल्या, पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "आपला देश तो आपला देश. स्वाभिमान म्हणून काही असतो. झेंडा असतो. परक्यांचं आपण का ऐकायचं? ऐकायचं नाही, म्हणून निर्णय योग्य."

एवढं सांगून झालं तेव्हा चाळीस सेकंद झाले होते. मग त्यांनी तेच सगळं उलट क्रमानं सांगितलं, आधी झेंडा, मग देश.

घडीबाईंची कानशिलं तापली. आपण काय झेंड्यासाठी मत दिलं होतं? धड एक कारण सांगत नाही ही बाई. माझी बाजू म्हणजे काय रस्त्यावर पडली आहे? त्यांनी मुठी बाकाखाली दाबून धरल्या.

मास्तरांनी घंटी वाजवली. घडीबाई उठल्या. भिंतीवर तोच नकाशा होता. त्या त्याच्याकडे बघायला लागल्या आणि मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग घडीबाईंनी नजर वळवून समोर विहीणबाईंकडे बघितलं, आणि नळ सुटावा तसं तोंड सुटलं.

"हे बघा, मी शिकलेली नाही, पण मला एवढं कळतं. फूल थांबत नाही. कागद थांबतो, साहेब थांबतो, शिक्का थांबतो, फूल थांबत नाही. पूर्वी पहाटे पलीकडच्या मळ्यात तोडलेली लिली दहाला दुकानात असायची. आता सीमेवर ट्रक उभा राहतो. तुमच्या लिलीला रोग नाही याचा दाखला आणा. दाखला आणला, तर म्हणे तो निळ्या शाईत हवा. बाहेर पडलो त्याच वर्षी असा ट्रक चार दिवस उभा होता—"

"सहा," विहीणबाई बाकावरून म्हणाल्या.

परीक्षकांनी चष्मा चढवला. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"सहा दिवस उभा होता," घडीबाई म्हणाल्या, "आणि ताडपत्री काढली तेव्हा वासानं ड्रायव्हर मागं सरला. त्या मुलीच्या लग्नाला कागदाची फुलं नेली. तिची आई दुकानात येऊन रडली. दुकानदारीणही रडली. तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

तीन मिनिटं कधी संपली कळलं नाही. विहीणबाईंचे डोळे भरले होते. आपलं दुःख आपल्याला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"आता प्रश्न," परीक्षक म्हणाल्या.

घडीबाईंनी प्रश्न आधीच ठरवला होता. "महासंघातून बाहेर पडून माझ्यासारख्या कामकरी बाईला काय मिळालं? एक गोष्ट सांगा."

हाच प्रश्न विहीणबाईंनी वाढदिवसाला त्यांना विचारला होता, आणि त्यांनी त्याला खणखणीत उत्तर दिलं होतं. विहीणबाईंना ते उत्तर आता नुसतं आठवायचं होतं.

"मिळालं," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणजे, बरंच मिळालं. मिळालं म्हणजे काय..." त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

मास्तरांचं घड्याळ टिकटिकत होतं. घडीबाईंना कळलं, की ही बाई आता पडणार. ती पडली, की आपण जिंकलो, दाखला हातात, चारच्या आत अर्ज. नुसतं गप्प राहायचं होतं. मागच्या वेळी जे नको असताना जमलं होतं, तेवढंच.

"पत्राचं सांगा ना," त्या म्हणाल्या.

"कसलं पत्र?"

"कसलं म्हणजे? मी त्या दिवशी घसा फाटेस्तोवर सांगितलं ना. ठेकेदार. बस. तुम्ही ऐकलंच नाहीत?"

"तुम्ही ओरडत होतात. ओरडलेलं कुणी ऐकतं का?"

"ठेकेदार तिकडच्या देशातून बस भरून माणसं आणायचा, तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर, निम्म्या पगारात. म्हणून आम्हाला अठरा वर्षं कायम केलं नाही. बस बंद झाली आणि तीन महिन्यांत अकरा जणींना कायमपणाचं पत्र आलं. आजारी रजा मिळायला लागली. हे बोला. झेंडा काय घेऊन बसलात?"

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, तुम्ही समोरच्या बाजूला उत्तर सांगितलंत."

"हो."

"मग तुमची बाजू कोणती? मी विचारते आहे, कारण मला इथं लिहायचं आहे."

घडीबाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते.

"माझी बाजू, निर्णय चुकला," त्या सावकाश म्हणाल्या. "पण त्यांनी त्यांचा खरा मुद्दा मांडलाच नव्हता. झेंड्याला हरवून काय करू मी? आता मांडला गेला. आता माझं एक मिनिट आहे ना? आता त्याला उत्तर देते."

परीक्षकांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मास्तरांना खूण केली. "एक मिनिट."

उत्तर कुठं होतं? चिठ्ठ्यांवर नव्हतं, विहीणबाईंच्या भांडणातही नव्हतं. हा घडीबाईंचा स्वतःचा हुकमी मुद्दा, तीन वर्षांत त्यावर कुणी त्यांना गप्प केलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या आणि सवयीनं त्यांचे हात चादरीची दोन टोकं धरावीत तसे पुढं आले. समोरची दोन टोकं धरायला कुणी नव्हतं.

"पत्र अकरा जणींना आलं," त्या म्हणाल्या. "बसनं यायच्या त्यांना नाही आलं. त्यांच्यात एक डावरी होती. नाव मोठं होतं, मला म्हणता यायचं नाही, म्हणून मी डावरी म्हणायचे. नऊ वर्षं ती माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरून उभी होती. ती डावरी आणि मी उजवी, त्यामुळं कोपऱ्याला कोपरा आपोआप बसायचा, ‘इकडे घे’ म्हणावं लागत नसे. तुम्ही मला घडीबाई म्हणता. ती अर्धी घडी तिची होती. शेवटच्या बसच्या दिवशी तिनं पाळी पुरी केली, चादरी संपवल्या आणि गेली. मला पत्र मिळालं ते तिच्या रिकाम्या जागेवर. जागा निघाल्या, जागा निघाल्या म्हणत मी तीन वर्षं फिरले. कुणाच्या निघाल्या ते नाही बोलले. एका बाईला कायम करायला दुसरीला घालवावं लागत असेल, तर तो हिशेब चुकला."

घंटी वाजायच्या आधीच त्या बसल्या. हे आपण बोललो, याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

पण विहीणबाई आता पेटल्या होत्या. मास्तरांनी घड्याळ दाबायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"मग मला सांगा," त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं त्या डावरीला तीन-तीन महिन्यांच्या बोलीवर कुणी राबवलं? तिला निम्मा पगार कुणी दिला? तिचं घर तिकडे, पोरं तिकडे, आणि बस म्हणजे तिचा संसार. महासंघाचे सगळे दरवाजे उघडे होते ना, मग तेव्हा तिला पत्र का नाही आलं? दरवाजा उघडा होता तो ठेकेदाराला. तुम्ही तिचं नाव घेऊन रडता, पण ती असताना तुम्हा दोघींची मजुरी एकमेकींच्या पायावर पाय ठेवून पाडली जात होती. ते बंद झालं. उशिरा झालं, वाईट रीतीनं झालं, पण झालं. म्हणून निर्णय योग्य."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर पदरानं घाम पुसायला लागल्या. घडीबाई अर्ध्या उठल्या होत्या. "अगदी बरोबर," त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी खोकल्यात गिळलं.

निकाल एक वाजता लागायचा होता, तो सव्वातीनला लागला. परीक्षक आणि मास्तर आतल्या खोलीत होते, आणि त्यांचाही आवाज चढलेला बाहेर ऐकू येत होता. दोघी पायरीवर बसून होत्या. दर पाच मिनिटांनी घडीबाई विहीणबाईंच्या मनगटावरचं घड्याळ वाकून बघत, आणि विहीणबाई मनगट पुढं करत.

मग मास्तरांनी दारावर कागद लावला. विहीणबाई, एकसष्ट. घडीबाई, बावन्न, वजा दहा, बेचाळीस. खाली परीक्षकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विरुद्ध बाजूस मदत केल्याबद्दल दहा गुण वजा.’ चाळीसला पास.

"एकसष्ट," विहीणबाई म्हणाल्या. "नातीला सांगायला बरे आहेत."

"त्यातले वीस माझे आहेत."

"दाखला घ्या आधी. किती वाजले?"

तीन वाजून पंचवीस मिनिटं. रुग्णालयाचं कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. विहीणबाईंची फुलांची गाडी फाटकाशी होती. घडीबाई दाखला पोटाशी धरून पुढं बसल्या, मागं रिकाम्या बादल्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि विहीणबाईंनी गाडी अशी सोडली, की वळणावर एका सायकलवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"डावरीचं तुम्ही कधी बोलला नाहीत," विहीणबाई हॉर्न दाबत म्हणाल्या.

"विचारलं कुणी?"

"वाढदिवसाला बोलला असतात, तर मी उठून गेले नसते."

"तुम्ही बोलू कुठं देता? आता डावीकडून घ्या."

"मत बदललं का तुमचं?"

"नाही. तुमचं?"

"छे. माझ्या लिली कोण भरून देणार आहे?" सिग्नल लाल झाला. विहीणबाईंनी ब्रेक मारला. "पण ते ठेकेदाराचं मी बोलले, ते बरं बोलले ना?"

"चांगलं बोललात. ‘पायावर पाय’ हे मी घेणार आहे."

"घ्या. पण माझ्याविरुद्ध वापरू नका."

"मग कुणाविरुद्ध वापरू? नवरा तर ऐकत नाही."

चारला सात मिनिटं कमी असताना घडीबाई खिडकीशी पोचल्या. आतला लेखनिक डबा पिशवीत भरत होता. त्यानं अर्ज घेतला, दाखला उलटसुलट बघितला, गुणांच्या रकान्यावर बोट थांबवलं.

"तोंडीत दहा गुण वजा? हे कशाबद्दल?"

"वादविवाद होता," घडीबाई म्हणाल्या. "महासंघावर."

"अच्छा," तो एकदम ताठ बसला. "मग तुम्ही कोणत्या बाजूनं बोललात? माझं विचाराल तर तो निर्णय म्हणजे—"

"आधी शिक्का मारा," विहीणबाई मागून म्हणाल्या. "मग आम्ही दोघी तुमच्याशी बोलतो."

त्यानं शिक्का मारला.